एस्पेरांतो म्हणजे ती कॉफी नाही

"मी एस्पेरांतो शिकतेय" असं वाशीपासून खारघरपर्यंत कुणालाही सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, "ती छोट्या कपातली कडू कॉफी?" नाही, ती एस्प्रेसो. ही भाषा आहे. "कुठल्या देशाची?" कुठल्याच नाही. "मग बोलतं कोण?" ज्याला आवडेल तो. "बरं, नोकरी लागते का त्याच्यावर?" नाही. इथवर येईपर्यंत समोरच्याने आपली रवानगी चक्रम लोकांच्या खात्यात केलेली असते.

त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. एस्पेरांतोच्या आसपास तऱ्हेवाईक माणसं बरीच सापडतात. पण भाषा स्वतः अजिबात तऱ्हेवाईक नाही, फार व्यवहारी डोक्याने बांधलेली आहे. म्हणून या दोन गोष्टी एकदा वेगळ्या करून बघू. ही भाषा चालते कशी, तिच्याभोवती हे वलय कुठून आलं, आणि ज्याला जगाचा उद्धार वगैरे करायचा नाही अशा माणसाने तिच्या वाटेला जायचं तर कशासाठी.

लुदविक झामेनहोफ हे डोळ्यांचे डॉक्टर. १८५९ साली ब्याविस्तोक गावात जन्मले. गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आता पोलंडमध्ये आहे. गावात यिडिश, पोलिश, रशियन, जर्मन आणि बेलारूसी अशा सगळ्या भाषा बोलल्या जायच्या आणि बोलणाऱ्यांचं एकमेकांशी पटायचं नाही. स्वतः ज्यू असलेल्या या मुलाच्या मनाने घेतलं की सगळ्यांना एक सोपी, कुणाच्याच मालकीची नसलेली दुसरी भाषा दिली तर भांडणं मिटतील. हे निदान जरा भाबडं होतं. एकच भाषा बोलणारे सख्खे भाऊ सातबाऱ्यावरून कोर्टात उभे असतात, हे आपण रोज बघतो. पण औषध त्यांनी मन लावून तयार केलं. १८८७ साली वॉर्सामध्ये चाळीसेक पानांची रशियन पुस्तिका निघाली, छपाईला सासऱ्यांचे पैसे लागले. लेखकाचं नाव घातलं होतं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा. पुढे लोकांनी भाषेलाच लेखकाचं टोपणनाव चिकटवलं.

त्या पुस्तिकेत व्याकरणाचे १६ नियम होते, सुमारे ९०० मूळ शब्द होते आणि कापून पाठवायची काही कुपनं होती. कुपनावर लिहिलेलं: एक कोटी लोकांनी असंच जाहीर वचन दिलं, तर मीही ही भाषा शिकेन, असं मी वचन देतो. खाली सही करायची.

मला या कुपनाचं फार कौतुक वाटतं. नव्या भाषेची मुख्य अडचण या माणसाने पहिल्याच दिवशी ओळखली होती. बोलायला कुणी नाही म्हणून कुणी शिकत नाही, आणि कुणी शिकत नाही म्हणून बोलायला कुणी नाही. त्यावर उपाय म्हणून आधी एक कोटी माणसांची हमी घ्यायची. कोटी काही आले नाहीत, हजाराच्या आसपास आले. आणि यातले कितीतरी जण कोटीची वाट न बघता सरळ भाषा शिकून मोकळे झाले होते. मग झामेनहोफ यांनी वचनांचा नाद सोडला आणि १८८९ च्या सुमारास त्या हजार लोकांच्या नावापत्त्यांची यादी छापली. घ्या, आता एकमेकांना पत्रं लिहा. भाषा खऱ्या अर्थाने चालू झाली ती या यादीने, असं माझं मत आहे.

आता भाषेकडे. नवी मुंबईत राहणाऱ्याला समजावायचं तर पावसापासून सुरुवात करावी.

'प्लूवो' म्हणजे पाऊस. शेवटी 'ओ' आला की नाम, हे कायमचं. 'ओ' काढून 'आ' लावला की विशेषण: 'प्लूवा', पावसाळी. क्रियापद करायचं तर वर्तमानाला 'आस', भूतकाळाला 'ईस', भविष्याला 'ओस'. 'प्लूवास' पाऊस पडतोय, 'प्लूवीस' पडला, 'प्लूवोस' पडेल. मोठं काही दाखवायचं तर मध्ये 'एग' घालायचा, छोटं दाखवायचं तर 'एत'. 'प्लूवेगो' म्हणजे मुसळधार, 'प्लूवेतो' म्हणजे भुरभुर. 'प्लूवेगास' म्हणजे धो धो कोसळतोय. एक मूळ शब्द पाठ केला आणि हवामान खात्याचं निम्मं काम झालं. हेच 'एग' आणि 'एत' घराला लावा, 'दोमो'ला. 'दोमेगो' म्हणजे भलं मोठं घर, 'दोमेतो' म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचं.

उलट अर्थ करायला शब्दाच्या आधी 'माल' लावायचा. 'रापीदा' म्हणजे जलद, 'मालरापीदा' म्हणजे धीमा. हार्बर आणि ट्रान्सहार्बरवरची प्रत्येक गाडी ही 'मालरापीदा त्राय्नो'. 'साना' म्हणजे धडधाकट, 'मालसाना' आजारी, 'मालसानूलो' आजारी माणूस, आणि जागा दाखवणारा 'एय' घातला की 'मालसानूलेयो', आजारी माणसांची जागा, म्हणजे दवाखाना. शब्द लांबलचक दिसतो, पण पाठ करावा लागत नाही, जुळवता येतो. 'लेर्नी' शिकणे, तर 'लेर्नेयो' शाळा. 'कुईरी' स्वयंपाक करणे, तर 'कुइरेयो' स्वयंपाकघर. 'ईस्त' लावला की तो धंदा करणारा माणूस होतो: 'फीशो' मासा, 'फीशीस्तो' कोळी.

नियमांना अपवाद नाहीत. शब्दाचा आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही. मराठीत मी जातो, तू जातोस, ती जाते, आम्ही जातो, तुम्ही जाता असा पसारा आहे, तिथे सगळ्यांना एकच 'ईरास'. वस्तूंना लिंग नाही. ऐरोलीच्या कंपनीत काम करणारा एखादा तमिळ किंवा बंगाली सहकारी मराठी शिकायला लागतो तेव्हा तो भात, ती भाजी आणि ते वरण असं का, हे आपल्याला त्याला सांगता येत नाही. एस्पेरांतोत हा प्रश्नच उठत नाही.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी जवळपास फुकट मिळतात, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 'मी' म्हणजे मी, अगदी तसंच. 'नोवा' नवा, 'नोमो' नाव, 'देन्तो' दात, 'दू' दोन, 'त्री' तीन. युरोपातल्या बहुतेक भाषा आणि मराठी दूरच्या भाऊबंदकीतल्या असल्यामुळे असं होतं. पण खरी मजा प्रश्नांच्या शब्दांत आहे. आपल्याकडे 'क'ने प्रश्न आणि 'त'ने उत्तर: कुठे, तिथे, केव्हा, तेव्हा, कसं, तसं, किती, तितकं. एस्पेरांतोत 'कीए, तीए', 'कीआम, तीआम', 'कीएल, तीएल', 'कीओम, तीओम'. त्याच क्रमाने, त्याच अर्थाने. अशा शब्दांचा पाच रांगा आणि नऊ स्तंभांचा, ४५ शब्दांचा एक तक्ता असतो. इंग्रजीवरून येणारे विद्यार्थी त्याला वचकून असतात. आपल्या मुलांना तो अर्ध्या तासात कळतो, कारण तसाच एक तक्ता त्यांच्या तोंडात आधीपासून बसलेला असतो.

उच्चारांचंही तसंच. या भाषेत दोन वेगवेगळे 'च' आहेत, एक 'चार'मधला आणि एक 'चारा'मधला. हिंदीभाषकाला दुसऱ्यासाठी जीभ वळवावी लागते, आपल्याला नाही. शिवाय एका अक्षराचा एकच उच्चार, त्यामुळे स्पेलिंग नावाची भानगड नाही. देवनागरीत वाढलेल्या माणसाला हे इतकं स्वाभाविक वाटतं की यात सांगण्यासारखं काय, असं तो विचारतो. ज्याने 'नाइफ'मधल्या उच्चारात न येणाऱ्या 'के'साठी शाळेत छडी खाल्ली आहे त्याला विचारा.

एका ठिकाणी मात्र मराठी माणूस हमखास अडखळतो. ज्याच्यावर क्रिया घडते त्या शब्दाला शेवटी 'न' लागतो. 'ला कातो काप्तास ला मूसोन', मांजर उंदराला पकडते (यातला 'ला' म्हणजे इंग्रजीतला 'द'). शब्दांची जागा बदलून 'ला मूसोन काप्तास ला कातो' म्हटलं तरी उंदीरच पकडला जातो. आपल्याला मराठीतला 'ला' प्रत्यय ठाऊक असल्याने हे लगेच पटतं, इंग्रज विद्यार्थी इथे रडकुंडीला येतात. पण आपण उंदराला 'ला' लावतो, पुस्तकाला लावत नाही. 'मी पुस्तक वाचते' म्हणतो. एस्पेरांतोत पुस्तकालाही 'न' लागतोच: 'मी लेगास लिब्रोन'. जेवण, चावी, गाडी अशा निर्जीव गोष्टी आल्या की आपला 'न' गळतो. सजीव आणि निर्जीव असा भेद ती भाषा करत नाही, एवढं एक डोक्यात पक्कं करावं लागतं.

मग एवढी सरळ भाषा, तिला चक्रमपणाचा शिक्का कशामुळे बसला?

थोडा दोष आधीच्या प्रयोगाचा. एस्पेरांतोच्या काही वर्षं आधी योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूंनी वोलाप्यूक नावाची भाषा काढली होती. तिची १८८० च्या दशकात युरोपात चांगली हवा झाली, मग भाषेत बदल करायचा अधिकार कुणाचा यावरून भांडणं झाली आणि ती कोसळली. बनवलेली भाषा म्हणजे हसण्याचा विषय, ही सवय तिथून लागली. झामेनहोफ यांनी त्यातून एक गोष्ट टिपलेली दिसते. पहिल्या पुस्तिकेतच त्यांनी जाहीर केलं की ही भाषा समाजाची आहे, माझे हक्क मी सोडले.

बाकीचा दोष मात्र एस्पेरांतोवाल्यांनी स्वतः ओढवून घेतला. हिरवा तारा, हिरवा झेंडा, उभं राहून म्हणायचं गीत. नव्या माणसाला पहिल्याच बैठकीत गीत म्हणायला लावलं तर तो दुसऱ्या बैठकीला कशाला येईल? त्यात भाषेमागच्या 'आंतरिक कल्पने'बद्दल, सगळ्या माणसांच्या बंधुत्वाबद्दल, गहिवरून बोलायची पद्धत. अशा ठिकाणी कोण जमतं ते सांगायला नको. ब्राझीलमध्ये आत्म्यांशी संवाद मानणाऱ्या पंथाने ही भाषा उचलली, जपानमध्ये ओओमोतो पंथाने उचलली, शिवाय अराज्यवादी, शाकाहारप्रचारक, विश्वनागरिक हे सगळे आलेच. यातल्या कुणाशी माझं वैर नाही. पण दारात हीच मंडळी उभी असली की ज्याला नुसती भाषा हवी आहे तो बाहेरूनच परत फिरतो.

आपल्याकडचं एक नाव इथे घेतलं पाहिजे. नवी मुंबईपासून फार लांब नसलेल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा भावे. एवढ्या भाषा शिकलेल्या या माणसाने एस्पेरांतोचाही अभ्यास केला होता. हे मी कौतुकाने सांगते, आणि ऐकणारा म्हणतो, "बघा, म्हणजे शेवटी उपास करणारेच!" दुसरं नाव प्रबाल दासगुप्ता यांचं. पुण्यातही शिकवलेले हे भाषाशास्त्रज्ञ २००७ ते २०१३ या काळात जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते. तिथे मात्र उपासाची सोय नाही.

गंमत अशी की या शिक्क्यावरचा उतारा चळवळीने १९०५ सालीच लिहून ठेवला आहे. त्या वर्षी फ्रान्समधल्या बुलोन्य-स्युर-मेर गावात पहिलं जागतिक संमेलन भरलं, ६८८ माणसं आली. तिथे झालेल्या जाहीरनाम्याचा आशय असा: एस्पेरांतोवाद म्हणजे ही भाषा वापरात आणायचा प्रयत्न, बस. तिला कुणी दुसरी काही आशा किंवा ध्येय जोडलं तर तो त्याचा खाजगी मामला, भाषेवर त्याची जबाबदारी नाही. ज्याला भाषा येते आणि जो ती वापरतो तो एस्पेरांतिस्त, मग तो कशासाठीही वापरो. म्हणजे चिंचपोकळीच्या एखाद्याने ती फक्त जुनी पोस्टाची तिकिटं अदलाबदल करायला वापरली तरी तो पूर्ण, अस्सल एस्पेरांतिस्त. पुढे १९८० साली फिनलंडमधल्या राउमा गावी तरुणांनी याच्याही पुढची पायरी गाठली. ही भाषा एक दिवस सगळं जग बोलेल हे स्वप्न आता पुरे. आपण स्वखुशीने एकत्र आलेला एक छोटा भाषिक समाज आहोत, तसेच मजेत राहू, असं त्यांनी म्हटलं. मी राउमावाल्यांच्या बाजूची आहे.

ज्यांना ही भाषा हसण्यावारी नेता आली नाही असेही काही जण होते. १९२० च्या दशकात राष्ट्रसंघात एस्पेरांतो शाळांत शिकवायचा विषय निघाला, तेव्हा राजनैतिक व्यवहारातलं आपलं फ्रेंच जाईल या भीतीने फ्रान्स आडवा आला. हिटलरला ती ज्यूंचं कारस्थान वाटायची. स्टालिनच्या राजवटीत १९३७-३८ मध्ये परदेशांशी पत्रव्यवहार करणारे म्हणून एस्पेरांतिस्तांना पकडून नेलं, अनेकांना मारलं. झामेनहोफ स्वतः १९१७ साली वारले, त्यांची तिन्ही मुलं नाझींच्या हातून मेली. धाकटी लिदिया गावोगावी जाऊन एस्पेरांतो शिकवायची, तिला १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत संपवलं.

आखून काढलेली गोष्ट माणसं स्वीकारतात का, याचं उत्तर शोधायला आपल्याला पोलंडला जायची गरज नाही. आपण ज्या सेक्टरात राहतो तो नकाशावर आधी आला, माणसं नंतर. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० ला सिडको झाली, १९७३ ला खाडीवर पूल झाला. तरी कितीतरी वर्षं "वाशीला घर घेतलं" म्हटलं की दादरचे नातेवाईक "तिकडे? राहणार कसे?" म्हणायचे. १९९२ साली मानखुर्दहून वाशीला लोकल आली आणि सूर बदलला. आता मला सांगा, मुंबईवरचा ताण हलका करावा या उदात्त हेतूने नेरूळला राहायला आलेलं एक तरी कुटुंब तुमच्या ओळखीत आहे? माणसं आली ती परवडणारं घर, चोवीस तास पाणी आणि स्टेशन बघून. नकाशा काढणाऱ्यांचं स्वप्न त्यांच्या गावीही नव्हतं. शहर मात्र त्यांच्याचमुळे झालं.

ही तुलना एका ठिकाणी तुटते, तेही सांगायला हवं. हे शहर मोकळ्या जमिनीवर उभं राहिलेलं नाही. आगरी-कोळ्यांच्या गावांच्या शेतीवर आणि मिठागरांवर ते उभं आहे आणि त्यासाठी दि. बा. पाटलांना लढावं लागलं. एस्पेरांतोने कुणाचं घर उठवलं नाही. ती मातृभाषेच्या जागी यायचं म्हणतच नाही, दुसरी म्हणून बाजूला बसते. मराठीच्या काळजीने जो विरोध होतो त्याला द्यायच्या उत्तरातलं हे पहिलं वाक्य असायला हवं, पण सांगायचं राहून जातं.

तेव्हा सामान्य माणसाला काय सांगायचं? आमच्याकडे नेरूळला शनिवारी संध्याकाळी चारसहा जण जमतात, त्यावरून माझी काही मतं बनली आहेत. विश्वशांतीचा विषय काढायचा नाही. इंग्रजीशी तुलना करायची नाही, कारण त्या कुस्तीत एस्पेरांतो हरते आणि हरण्यात काही लाजही नाही. नोकरीचं तर नावच नको. ज्याला जर्मनीत नर्सिंगला जायचंय त्याने जर्मनचाच क्लास लावावा, त्याला इकडे वळवणं म्हणजे त्याचं नुकसान. आणि ज्याला कशाचा उपयोग विचारल्याशिवाय चैनच पडत नाही त्याला चहा पाजून सोडून द्यावं.

पहिल्या बसण्यातच त्याच्या तोंडून स्वतःचं वाक्य निघालं पाहिजे. आमच्यात एक ताई येतात, त्यांचं सीवूड्सला पोळीभाजी केंद्र आहे. शाळेत इंग्रजीने त्यांना इतकं छळलं की आपल्याला भाषा येतच नाहीत अशी त्यांची खात्री झालेली. पावसाचे ते चार शब्द झाल्यावर मी त्यांना 'मान्जो' म्हणजे जेवण आणि 'वेन्दी' म्हणजे विकणे, एवढं सांगितलं. त्यांनी वहीत जरा खाडाखोड केली आणि म्हणाल्या, "मग माझं दुकान म्हणजे मान्जोवेन्देयो की हो!" शब्दकोशात बघावं लागलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. इंग्रजीत अशी हिंमत करायला माणसाला आयुष्य जातं, आणि केली तर कुणीतरी "असा शब्द नसतो" म्हणून बसवतं.

दुसरी गोष्ट, पलीकडे माणूस दिसला पाहिजे. लवकर. झामेनहोफ यांची पत्त्यांची यादी म्हणजे तीच. आज ते काम इंटरनेट करतं. ताईंची गाठ ब्राझीलमधल्या एका निवृत्त बाईंशी पडली. पहिला निरोप आला, "चू प्लूवास चे वी?" 'चू' म्हणजे आपल्या हो-नाहीच्या प्रश्नातला 'का'. तुमच्याकडे पाऊस पडतोय का? जुलै महिना होता. ताईंनी एका शब्दात उत्तर दिलं, "प्लूवेगास!" पुढे दुकानाचं नाव सांगितल्यावर त्या बाईंनी सुचवलं की 'मान्जो' म्हणजे जेवणाची क्रिया, खायची वस्तू म्हणायची तर 'मान्जाझो', तेव्हा 'मान्जाझवेन्देयो' जास्त बरं. ताईंना ते पटलं नाही. माझ्याकडे लोक जेवण घेतात, वस्तू नाही, असं त्यांचं म्हणणं. दोघींचं यावर बरेच दिवस चाललं होतं, त्यात उसळीची कृतीही गेली.

याशिवाय दाखवण्यासारखं काय आहे? 'पास्पोर्ता सेर्वो' नावाची १९७४ पासूनची एक यादी आहे. जगभरातले एस्पेरांतो बोलणारे तीत आपलं घर नोंदवतात आणि भाषा येणाऱ्या प्रवाशाला फुकट राहू देतात. रेल्वेवाल्यांची स्वतःची आंतरराष्ट्रीय एस्पेरांतो संघटना आहे, हे आमच्यातल्या एका निवृत्त मोटरमन काकांना कळल्यावर ते दोन तास सिग्नलबद्दलच बोलत होते. एस्पेरांतो विकिपीडियावर तीन लाखांच्या वर लेख आहेत, मराठी विकिपीडियापेक्षा कितीतरी जास्त. गूगल ट्रान्सलेटवर ती २०१२ साली आली, मराठी २०१३ मध्ये. आईबाप वेगवेगळ्या देशांचे आणि घरात एस्पेरांतो, अशा घरांत वाढलेली, तीच मातृभाषा असलेली माणसंही आहेत, हजाराच्या आसपास असावीत. एकूण बोलणारे किती, याचे अंदाज एक लाखापासून वीस लाखांपर्यंत जातात. वीस लाख धरले तरी ते ठाणे शहर आणि नवी मुंबई मिळून होतील त्याहून कमीच. पण हे लोक पसरलेले आहेत, आणि एकमेकांना भेटायला उत्सुक आहेत. इंग्रजी बोलणारा परदेशात भेटला तर आपण त्याला घरी जेवायला बोलावत नाही.

दोषही आधीच सांगून टाकावेत, नंतर कळले तर माणूस चिडतो. मूळ शब्द बहुतेक सगळे युरोपातले आहेत, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी असे. 'जगाची भाषा' म्हणवणाऱ्या भाषेत तमिळ, चिनी, स्वाहिली यांना जागा जवळजवळ नाही. 'पात्रो' म्हणजे बाप आणि त्याला 'ईन' जोडून 'पात्रीनो' म्हणजे आई, हे ऐकल्यावर आमच्याकडच्या बायकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सहा अक्षरांवर टोप्या आणि चंद्रकोरी असतात, त्या साध्या कळफलकावर नसतात. फोनच्या सेटिंगमध्ये एस्पेरांतोचा कळफलक टाकला की प्रश्न सुटतो, नाहीतर अक्षरानंतर 'एक्स' टाइप करायची पद्धत सर्रास चालते. शिकायचं साहित्य फुकट आणि भरपूर आहे: 'लेर्नू' हे संकेतस्थळ २००२ पासून आहे, डुओलिंगोवर इंग्रजीतून शिकवणारा अभ्यासक्रम २०१५ मध्ये आला. पण यातलं बहुतेक इंग्रजीवरून येतं, आणि इंग्रजीला घाबरलेल्या माणसालाच तर आपण बोलावतोय. वर पावसाचं जे सांगितलं तसं मराठीतून कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं, निदान पहिले काही आठवडे. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. आपल्या दोन धडे पुढे असलेला माणूस पुरतो, आणि बसायला जागा. बिल्ला, झेंडा, गीत यांची गरज नाही. मला स्वतःला ते गीत पूर्ण येतही नाही.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो डाव्या-उजव्याचा. 'देक्स्त्रा' म्हणजे उजवा, आणि डावा म्हणजे 'मालदेक्स्त्रा', उजव्याचा उलटा. अकरावीतली एक मुलगी येते, ती डावखुरी आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "उजवा हा शब्द आणि मी त्याची उलट बाजू, हे कुणी ठरवलं?" कवींनी 'लीवा' असा वेगळा शब्द केव्हाच काढला आहे, पण पाठ्यपुस्तकं अजून 'मालदेक्स्त्रा'वरच अडून आहेत. ती हट्टाने 'लीवा' म्हणते. मोटरमन काका दर वेळी तिला दुरुस्त करतात, आणि ती दर वेळी उजव्याला 'माललीवा' म्हणून त्यांची परतफेड करते. व्याकरणाच्या नियमांत हे पूर्णपणे बसतं, त्यामुळे काकांना पुढे काही बोलता येत नाही.